ओलं गोणपाट

वाऱ्याच्या फळीवर मी पहिल्यांदा न पडता उभा राहिलो, त्याच्या चार दिवस आधी माझा मावसभाऊ उभा राहिला होता. ते चार दिवस मी त्याला अजून माफ केलेले नाहीत. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, मला दादा म्हणणारा, आणि शाळेत असताना गणितं माझ्या जुन्या वहीतून उतरवणारा. त्याने माझ्या आधी काही करावं याची मला सवय नव्हती.

ही नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. मी रोह्याला राहायचो आणि तिथल्या औद्योगिक वसाहतीत फायबरच्या एका छोट्या कारखान्यात कामाला होतो. ॲसिडच्या टाक्यांना आतून काचेच्या कापडाचे आणि रेझिनचे थर द्यायचे, वाळले की घासायचे, हे आमचं काम. अंगाला खाज आणि कपड्यांना वास, दोन्ही कायमचे. मावशीचं घर पेणला. घराला लागून त्यांचा गणपतीचा कारखाना, आणि मावसभाऊ त्यातला आखणीचा कारागीर, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणारा. साप्ताहिक सुट्टी आली की मी सकाळच्या एसटीने पेण गाठायचो.

फळी होती साहेबांची. साहेब नौदलातून निवृत्त होऊन डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर आले होते. मूर्ती ठरवायला म्हणून ते मावशीच्या कारखान्यात आले, तर मावसभाऊ एका उंच मूर्तीसमोर वीतभर रुंदीच्या फळकुटावर एका पायावर उभा राहून मुकुट रंगवत होता. साहेब मूर्ती सोडून त्याच्या पायांकडेच बघत राहिले. हा मुलगा मला खाडीवर पाहिजे, असं ते मावशीला म्हणाले. मी शेजारीच चहा पीत होतो. मी पण येतो, असं मला स्वतःहून म्हणावं लागलं. पुढचं सगळं तिथेच ठरलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

साहेबांची फळी जुनी, प्लास्टिकची, दोन माणसांनी उचलावी अशी. तिच्यावर एक डोलकाठी, तिला शीड, आणि शिडाला धरायला आडवी दांडी. वारा शिडात घ्यायचा आणि पायांनी फळी वळवायची, एवढंच वरवर दिसतं. दुपारी खाडीवर वारा सुटला की आम्ही दोघं आळीपाळीने तिच्यावर चढायचो. मी पडायचो, तो पडायचा. मग तो पडेनासा झाला. मीही शिकलो, बरा शिकलो, कुणी एकट्याने पाहिलं असतं तर कौतुकही केलं असतं. पण माझ्या आधी किंवा माझ्यानंतर तो असायचाच. तो निघाला की पलीकडच्या मिठागरातली माणसं फावडी टेकून बघत राहायची. मी निघालो की ती कामाला लागायची. हे मी पाण्यातून मान वळवून वळवून पाहायचो, आणि त्या पाहण्यात तोल जाऊन पडायचो.

हिवाळ्याच्या सुरुवातीला एकदा बांधावर बसून चहा पिताना साहेबांनी सांगितलं की परदेशात फळ्या बनवणारा एक कारागीर त्यांच्या ओळखीचा आहे. तो प्रत्येक माणसाच्या मापाने कार्बनची फळी बनवतो, आणि तशी एक ते मागवणार आहेत. मे महिन्यात मुंबईला शर्यत आहे. तिथे पहिल्या पाचांत जो येईल त्याला मोठ्या शिबिरात घेतात, आणि तिथून पुढे चांगल्या ठिकाणी नोकरीसुद्धा लागते. हे सगळं ते दोघांनाही सांगत होते, पण बघत होते एकाकडे. "तुझ्यासाठी," असं त्यांनी शेवटी त्याला म्हटलं. मी बशीतला चहा तसाच वाळूवर ओतला आणि वारा पडलाय, निघू या, असं म्हणालो. वारा अजिबात पडला नव्हता.

त्या कारागिराचा प्रश्नांचा कागद आला तो इंग्रजीत. तो भरायचं काम अर्थातच माझ्याकडे, कारण अकरावी-बारावी मी केलेली. वजन किती, पाऊल केवढं, उभं राहताना दोन पायांत अंतर किती, पुढे डावा पाय की उजवा, वारा कसा असतो, पाणी सपाट की खवळलेलं. शिंपी कोटाला विचारतो त्याच्यापेक्षा जास्त चौकशी. मावशीच्या ओटीवर मावसभाऊ दांडी धरल्यासारखे हात करून उभा राहिला आणि मी गुडघ्यावर बसून त्याच्या पायांमधलं अंतर टेपने मोजलं. त्याचं वजन माझ्यापेक्षा चौदा किलो जास्त. तिथे माझं वजन लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? फळी आली असती माझ्या मापाची, त्याच्याखाली ती बुडाली असती, आणि मग साहेबांनीच म्हटलं असतं, अरे, ही तर तुला बसते. पेन्सिल मी बराच वेळ त्या रकान्यावर धरून ठेवली. मग त्याचंच वजन लिहिलं. त्या दिवशी एसटीत खिडकीशी बसून मी स्वतःवर इतका खूश होतो की जणू मीच शर्यत जिंकलो. आपण पाप करत नाही, एवढ्यावर मी खूश झालो, हे तेव्हा मला विचित्र वाटलं नाही.

फेब्रुवारीत फळी आली. वरून पांढरी, कडेला जिथे रंग संपतो तिथे कार्बनचं विणलेलं काळं कापड दिसत होतं. मी बोटाच्या पेरांनी ती ठोकून बघितली. आवाज असा भरीव आणि टणक की मी पुन्हा ठोकली. काम कसं असावं ते मला कळत होतं, मावसभावाला नव्हतं. आत फेस, म्हणजे थर्मोकोलसारखा घट्ट फोम, त्यावर पातळ थर, बुडबुडा एकही नाही, आणि एवढी लांब वस्तू तो एका बगलेत घेऊन चालला. आयुष्यभर रेझिनमध्ये हात घालून बसलो मी, आणि फळी त्याच्या नावाची.

साहेबांनी निगा कशी राखायची ते सांगितलं. वाळूवर ओढायची नाही. दगडावर टेकवायची नाही. खाडीतून आली की गोड्या पाण्याने पुसायची. उन्हात तापू द्यायची नाही, कारण आतली हवा फुगली की वरचं साल सुटतं. आणि वरच्या बाजूला, डोलकाठीच्या खाचेजवळ, एक छोटा पितळी स्क्रू होता. पाण्यात जाताना तो घट्ट बसवायचा, जमिनीवर आली की काढून ठेवायचा, म्हणजे आतल्या हवेला वाट मिळते. मावसभावाने तो काढायचा पाना गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातच ओवला, ताईताशेजारी.

"दादा, पहिली तू चालव," तो मला म्हणाला. मनापासून म्हणाला, तो तसाच आहे. मी नको म्हटलं. त्याने हात धरून ओढलं तेव्हा गेलो, आणि ती फळी माझ्याखाली अशी उडायला लागली की तीन वेळा तोंडावर पडलो. त्याच्या वजनाची ना ती. मीच लिहून पाठवलेलं वजन. तो मला पाण्यातून वर घ्यायला पोहत आला, ते तर आणखीच नको होतं.

एप्रिलमधल्या एका सुट्टीला मी पेणला गेलो. मावसभाऊ रंग आणायला बाजारात गेला होता. कारखान्याच्या पत्र्याखाली भट्टीसारखं तापलं होतं. मागच्या कोपऱ्यात, शाडूच्या कच्च्या मूर्तींच्या रांगेत, दोन लाकडी पाटांवर ती फळी ठेवलेली, आणि तिच्यावर, मूर्तींवर असतं तसंच, ओलं गोणपाट.

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. शाडूची मूर्ती उन्हाळ्यात भराभर वाळली तर तडकते. म्हणून तिच्यावर ओलं गोणपाट टाकतात, आणि ते सुकत आलं की येता-जाता कुणीही त्यावर पाणी मारतं. पेणच्या कारखान्यात हे कुणी शिकवत नाही, पोरं बघून शिकतात. साहेबांनी सांगितलं होतं फळी तापू देऊ नको, आणि मावसभावाला तापू न देण्याची हीच एक रीत ठाऊक होती. त्याने गणपतीला दिली तीच माया तिला दिली होती.

मी गोणपाटाचं टोक उचललं. स्क्रू काढलेला. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे, जमिनीवर आहे म्हणून. उघड्या भोकाच्या तोंडाशी पाण्याचा थेंब होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो आत गेला.

मला त्या क्षणी सगळं कळलं. तापलेल्या फळीवर गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि समोर असेल ते भोकातून आत ओढते. आमच्याकडे एका टाकीच्या फेस भरलेल्या झाकणाचं असंच झालं होतं, चार माणसांनी उचलायचं झाकण सहा जणांना उचलेना. एक शब्द सांगायचा होता. मावशीला सांगितलं असतं, गोणी काढ आणि स्क्रू लाव, तरी काम झालं असतं.

मावशी तेवढ्यात दारात आली. "बाळा, तू आलास व्हय! परवा तुझी आय आली व्हती. किती कौतुक करत व्हती माझ्या पोराचं! म्हनली, आमच्या घरान्यात नाव काढनारा हाच येक निघाला."

माझी आई. माझ्या पगारावर घर चालवणारी, माझ्या कपड्यांचा रेझिनचा वास रोज धुणारी माझी आई. मी उचललेलं टोक खाली सोडलं.

"हां," मी म्हणालो.

"जेवायला चल. आन येताना तांब्याभर पानी मार त्या गोनीवर, सुकली बघ."

पिंपाजवळ पितळी तांब्या होता. मी तो भरला आणि मूर्तींवर मारण्याआधी फळीवर मारला. सावकाश, सगळीकडे पोहोचेल असा. मग आत जाऊन पोटभर जेवलो. त्यानंतरच्या दोन सुट्ट्यांनाही मी गेलो आणि दोन्ही वेळा, मावशीने न सांगता, पाणी मारलं.

मावसभाऊ म्हणायला लागला की हल्ली हात भरून येतात, फळी लवकर सुटत नाही, वळताना जड लागते. त्याला वाटलं आपलाच दम कमी पडतोय. त्याने सकाळी कच्ची अंडी प्यायला सुरुवात केली. गडब गावापर्यंत धावत जायचा आणि धावत यायचा. मला विचारायचा, "दादा, माझी छाती बारीक झाली का रे?" मी म्हणायचो, थोडी झाली.

शर्यतीला मीही गेलो. कंपनीत आजारपणाची रजा टाकून गेलो. सुटताना सगळ्यांची शिडं एकदम भरली आणि बाकीच्या फळ्या पाण्यावर चढून पळाल्या. त्याची चढलीच नाही, पाणी फोडत चालली. वीस जणांत तो अठरावा की एकोणिसावा आला. खरं सांगतो, पहिल्या वळणावर तो मागे पडला तेव्हा माझ्या मनात गुदगुल्या झाल्या. शेवटच्या फेरीत तो एकटाच दूर राहिला, वारा पडत चाललेला, आणि तरी तो दांडी हलवून हलवून फळी पुढे रेटत होता. तेव्हा मला बघवेना. मी शेंगदाण्याच्या गाडीकडे जाऊन उभा राहिलो आणि शेंगदाणेही खाता आले नाहीत. किनाऱ्यावर साहेबांनी फळी एका हाताने उचलायला घेतली आणि दुसरा हात लावला. त्याच्याकडे न बघता ते म्हणाले, ही कुणाला तरी दाखव.

तो कुणाला दाखवणार? आठवड्याने मूर्तींच्या टेम्पोतून, पेंढ्यात गुंडाळून, तो ती रोह्याला माझ्याकडे घेऊन आला. आमच्या कारखान्याची जेवणाची सुट्टी होती. फळी मी टेकूच्या दोन लाकडी घोड्यांवर उलटी ठेवली, शेपटीकडे ड्रिलने बोटाएवढं भोक पाडलं आणि पुढचं टोक उचललं. पाणी आलं. आधी थेंब, मग धार. आम्ही खाली रेझिनची रिकामी बादली लावली.

"खाडीचं शिरलं," मावसभाऊ म्हणाला. "कुठं तरी फुटली असल."

त्याने धारेखाली बोट धरलं आणि जिभेला लावलं. पुन्हा लावलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला, ते मी उभा राहून पाहिलं.

"दादा, ह्ये खारं नाय. गोडं हाय." तो खाली रेझिनच्या रिकाम्या डब्यावर बसला. "माझ्या गोनीचं पानी. स्क्रू मीच उघडा ठेवायचो. मीच बुडवली तिला."

आमचा कंप्रेसर मागे धडधडत होता. मी बादली सरकवली.

"तू आलास तवा बघितलीस ना तिला?" त्याने विचारलं. संशयाने नाही. घरातला जाणता माणूस काही म्हणाला होता का, हे आठवून बघावं तसं.

"वरून गोणपाट होतं," मी म्हणालो. "स्क्रूकडे लक्ष गेलं नाही."

"व्हय. तुला कसं दिसनार?" तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी त्या फळीवर महिनाभर राबलो. टोकावर उभी करून पंख्यासमोर वाळवली, ओला फेस खरवडून काढला, नवा भरला, मालकाची नजर चुकवून चांगल्यातलं रेझिन वापरलं. पॉलिश पेपरने घासून घासून बोटांची सालं गेली. आतली सगळी ओल काही गेली नाही, आणि फळीचं वजन पहिल्यासारखं झालं नाही. पावसाळ्यात साहेबांचं कंत्राट संपलं आणि ते गेले. शिबिराला दुसरं कुणी गेलं. मावसभाऊ पुन्हा मूर्तींचे डोळे काढायला लागला. मग मीही खाडीवर जाणं सोडलं. एकट्याने जाऊन कुणाला दाखवायचं होतं?

नंतर त्याने त्या सगळ्याची एक गोष्ट केली. घरचं काही कार्य असलं की तो ती सांगायचा. साहेबांनी एवढी परदेशी फळी दिली, आणि मी येड्याने तिला गणपती समजून गोणपाटात गुंडाळली, रोज अंघोळ घातली, दुर्वाच तेवढ्या वाहायच्या राहिल्या. लोक डोळे पुसेपर्यंत हसायचे. मीही हसायचो, इतरांपेक्षा थोडा मोठ्याने.

तीन वर्षांनी त्याचं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी कारखान्यातल्या मूर्ती एका बाजूला सारून मांडव घातला होता, तो ओटीवर पाटावर बसला होता, आणि मुलीकडच्या लोकांनी आग्रह केला म्हणून त्याने ती गोष्ट लावली. अंघोळीपर्यंत आला आणि सगळे हसले. मावशी कोपऱ्यात हळद कालवत होती. तिला ते हसणं लागलं असावं. पाहुण्यांसमोर आपला मुलगा एवढा बावळट ठरावा, हे कुठल्या आईला आवडेल?

"माझ्या पोराला येकट्याला का हसता गो?" ती बायकांना म्हणाली. माझ्याकडे हात करून म्हणाली, "ह्यो रोह्याचा बघा, त्याच कामातला मानूस. ह्याला तर सगलं ठावं. ह्यो सुदिक आला की तांब्या भरून पानी मारायचा तिच्यावर. आधी गोनी उचलून आत बघायचा नि मग मारायचा. ह्याला नाय कललं तर माझ्या पोराला कसं कलनार?"

लोक आणखी हसले, आता मलाही. मावशीचं समाधान झालं आणि ती हळद कालवायला लागली.

मावसभाऊ हसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. अर्धा चेहरा हळदीने भरलेला, हातात नारळ. तो डोळे काढणारा माणूस आहे. मूर्ती कुठे बघते आहे ते त्याला केसाएवढ्या रेषेवरून कळतं. माझी नजर कुठे आहे हे त्याला कळलं.

"मग पुढं काय झालं त्या फळीचं?" मुलीकडच्या कुणीतरी विचारलं.

"काय नाय," तो म्हणाला. "संपली गोष्ट."

मोठा भाऊ म्हणून हळद लावायची पाळी माझी होती. मी आंब्याचं पान वाटीत बुडवलं आणि त्याच्यासमोर गुडघ्यावर बसलो. टेप घेऊन बसलो होतो तीच ओटी, तीच जागा. माझा हात पुढे जाईना. मागे बायका गाणं म्हणत होत्या. त्याने डोळे मिटले आणि चेहरा पुढे केला.

"लाव, दादा," तो म्हणाला.

मी लावली. ती गोष्ट त्याने त्यानंतर कुणालाही सांगितलेली नाही.